माझा नसलेला जुना आजार

सुरुवातीलाच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, विमा कंपनीतला नाही आणि लेखक तर नाहीच. मुरबाडच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. परीक्षेचा पेपर सोडला तर एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी दुखणी लोकांनी सोसली आहेत, त्यांच्यासमोर आपली छाती उघडून दाखवणं हा आगाऊपणाच आहे, हे मला कळतं.

तरी लिहितोय, कारण हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते आणि त्यांच्या सुनेने विम्याच्या टेबलावरून परत येऊन मला विचारलं, "भाऊ, प्रतीक्षा कालावधी म्हणजे किती वेळ बाहेर बसायचं?" थोड्याच दिवसांपूर्वी मीही असंच काहीतरी विचारलं होतं. मला जे कळलं ते तिला सांगितलं. तेच इथे सांगतो. काही चुकलं असेल तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

पांढरी बाजू

भातझोडणी आटोपली आणि मला ताप आला. झोडणीच्या दिवसांत अंग दुखतंच, ताप येतो, जातो. धसईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. मग उजव्या कुशीत असं काही दुखायला लागलं की हसलो तरी डोळ्यांत पाणी यायचं. पायऱ्या चढून कॉलेजच्या वर्गात पोचलो की बाकावर बसून नुसता श्वास घेत राहायचो. मित्रांना वाटलं, अभ्यासाचं टेन्शन घेतलंय.

मुरबाडला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि मला जवळ बोलावलं. मी स्वतःच्या छातीचा फोटो पहिल्यांदाच बघत होतो. डावीकडे काळं, त्यात बरगड्यांच्या रेघा. उजवीकडे अर्ध्याहून जास्त पांढरं, आमच्या डोंगराखाली थंडीत सकाळी धुकं बसतं तसं.

"काळं दिसतंय तिथे हवा आहे," डॉक्टर म्हणाले. "पांढरं दिसतंय तिथे हवा जात नाहीये. न्यूमोनिया होऊन गेलाय आणि फुप्फुसाच्या बाहेर पू साचलाय. आजच कल्याणला न्या."

बाबांनी विचारलं, "उद्या नेला तर?"

"आज," डॉक्टर म्हणाले.

बाबा धसईहून कल्याणच्या बाजाराला भाजी नेणारा टेम्पो चालवतात. त्याच टेम्पोतून मला नेलं. मी पुढे, आई मागे भेंडीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसलेली. मी मरणार का, असं मला विचारायचं होतं. बाबा पुढच्या गाड्यांना हॉर्न देत टेम्पो दामटत होते, म्हणून विचारलं नाही.

टेम्पोला आहे, माणसांना नाही?

आमच्याकडे आरोग्य विमा होता, ही गोष्ट वाडीत कोणालाच माहीत नव्हती. आम्हीही ती विसरलो होतो; कल्याणच्या हॉस्पिटलात विमा आहे का असं विचारलं तेव्हा बाबांना आठवली.

झालं असं होतं की बाबा दर वर्षी टेम्पोचा विमा काढायला मुरबाडला जातात. गेल्या वर्षी तिथल्या एजंटबाई म्हणाल्या, "काका, टेम्पोला विमा आहे आणि घरच्या माणसांना नाही?" तिथे चारचौघं बसलेले होते. लाजेकाजेने त्यांनी आम्हा तिघांचा मिळून एक विमा काढला. याला फॅमिली फ्लोटर म्हणतात, म्हणजे एकच रक्कम सगळ्या घराची, ज्याला गरज पडेल त्याने वापरायची. ती वर्षाची कमाल रक्कम म्हणजे विमा रक्कम, आणि तिच्यासाठी आपण दर वर्षी भरतो तो हप्ता.

आई तेव्हा फार रागावली होती. "मानसाचा विमा काढतात म्हंजे कायतरी व्हायचीच वाट बघतात. टेम्पोचा काढा, माझ्या पोराचा कशाला?"

मी कॉमर्सचा विद्यार्थी. विम्याची तत्त्वं मला तोंडपाठ होती. परमोच्च विश्वासाचे तत्त्व यावर टीप लिहून मी चांगले गुण मिळवले होते. विमा काढणाऱ्याने सगळी खरी माहिती सांगितली पाहिजे, असं ते तत्त्व. आमच्याच घरातल्या पॉलिसीचं पाकीट मात्र मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

कधीपासून?

कल्याणच्या हॉस्पिटलात स्ट्रेचरवर असताना एका तरुण डॉक्टरने आईला विचारलं, "श्वासाचा त्रास कधीपासून आहे?"

आई म्हणाली, "लहानपनापास्नंच. छाती भरतेच याची. पयल्यापास्नं नाजूक हाय तो."

डॉक्टरने लिहून घेतलं. मी ऐकलं, पण बोलायला श्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यात मला काही वावगंही वाटलं नाही. आमच्याकडे आया असंच बोलतात. हे वाडीबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं.

एक तर, डॉक्टरकडे जायला आम्हाला अर्धा दिवस मोडावा लागतो. तिथे पोचून "कालपासून" म्हटलं तर गोळी देऊन परत पाठवतील अशी भीती असते. म्हणून प्रत्येक जण दुखणं जुनं करून सांगतो. कालचं आठवड्याचं होतं, आठवड्याचं महिन्याचं. आणि दुसरं म्हणजे, आपलं मूल धडधाकट आहे असं आमच्या वाडीत कोणतीही आई तोंडाने म्हणत नाही. कोणी विचारलं, "काय गो, पोरगा बरा हाय ना?" तर उत्तर ठरलेलं, "हाय आपला, रडतखडत." बरं म्हटलं की दृष्ट लागते. मी तालुक्याला कबड्डीत बक्षीस आणलं त्या दिवशीसुद्धा आई शेजारणीला म्हणाली होती, "कसला खेळतोय, हाडं नुसती."

तर आईने डॉक्टरला खोटं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. ती तिच्या पद्धतीने माझं रक्षण करत होती.

रेवतीताईंचं टेबल

माझ्या छातीत नळी घातली आणि ती खाली एका बाटलीला जोडली. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे यायचे. नर्स म्हणाली, "ही बाटली कधी वर उचलायची नाही." मी ती देवघरातल्या समईसारखी जपायचो. सकाळी रक्त, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग तीन गोळ्यांचा खेळ. एका प्लास्टिकच्या डब्यात तीन कप्पे आणि प्रत्येकात एक हलकी गोळी. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. चांगल्या छातीच्या माणसाच्या तिन्ही वर जातात. माझी पहिली जेमतेम तळ सोडायची. एकदा ती वर जाऊन क्षणभर थांबली तर शेजारच्या आजोबांनी टाळी वाजवली.

विम्याचं टेबल तळमजल्यावर होतं. तिथे रेवतीताई बसायच्या. बाबांना तिथली भाषा कळेना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच वर येऊन मला समजावून जायच्या. माझे मामा शहापूरला सिमेंटच्या दुकानात कामाला आहेत. ते आले त्या दिवशीचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"कॅशलेस म्हंजे फुकाट ना, मॅडम?" मामांनी विचारलं.

"फुकट नाही, मामा. तुमच्या भावजींनी हप्ता भरलाय. कॅशलेस म्हणजे बिल कंपनी थेट आम्हाला देते, तुम्ही आधी भरून मग मागायचं नाही. आमचं हॉस्पिटल त्यांच्या यादीत आहे, त्याला नेटवर्क हॉस्पिटल म्हणतात, म्हणून हे होतं. मात्र प्रत्येक मोठ्या गोष्टीला त्यांची आधी परवानगी लागते. ती पूर्वमंजुरी."

"मंग याला स्पेशल रूम द्या. आमची मानसं येणार बघायला. जनरलमंदी बसायची कुटं?"

"यांच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. तिच्या वरची खोली घेतली तर नुसतं भाड्यातलं जास्तीचं नाही भरावं लागत. डॉक्टरची फी, ऑपरेशन, सगळ्याच बिलातला त्याच प्रमाणात वाटा तुमच्यावर येतो."

मामांनी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मानसं काय, जिन्यात बसतील."

रेवतीताई हसल्या. त्यांनी हेही सांगितलं की मंजूर बिलातला एक छोटा ठरलेला हिस्सा आम्हालाच भरायचा आहे, त्याला को-पे म्हणतात, आणि हातमोजे वगैरे काही वस्तूंचे पैसे विम्यात येतीलच असं नाही. सरकारी योजनेचीही त्यांनी चौकशी केली होती. योजनेतल्या हॉस्पिटलात माझ्या ऑपरेशनचा नंबर लागायला वेळ होता आणि माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

कारण नळीने पू पूर्ण निघत नव्हता. सर्जन खाटेशी येऊन बसले आणि म्हणाले की माझ्या फुप्फुसावर एक जाड साल धरली आहे, मोसंब्यासारखी. ती काढावी लागेल.

"काढल्यावर काय होतं?" मी विचारलं.

"फुप्फुस फुलतं. आपोआप. आम्ही टेबलावर बघतो ना, चिमटलेलं, काळपट, आणि मग ते हळूहळू गुलाबी होत वर येतं." त्यांनी मिटलेली मूठ हळूहळू उघडून दाखवली. "इतकी वर्षं करतोय, अजूनही दर वेळी बघत राहावंसं वाटतं."

त्या रात्री मला भीती होतीच, पण तिच्यासोबत दुसरंही काही होतं. माझ्या आत असं काहीतरी आहे, जे बघायला इतक्या शिकलेल्या माणसाला आजही थांबावंसं वाटतं. मी उजव्या कुशीवर हात ठेवून झोपलो.

अडकलं

ऑपरेशनच्या मंजुरीसाठी कागद गेले आणि मंजुरी आली नाही. प्रश्न आला.

रेवतीताई वर आल्या तेव्हा नेहमीसारख्या हसल्या नाहीत. "जयेश, तुला लहानपणापासून दमा आहे का?"

"नाही."

"श्वासाची औषधं, पंप, कधी ॲडमिट?"

"कधीच नाही."

"दाखल करताना केसपेपरवर लिहिलंय, बालपणापासून श्वासाचा त्रास. कंपनी विचारतेय, हा आधीपासूनचा आजार होता, मग पॉलिसी घेताना का सांगितला नाही?"

आधीपासूनचा आजार. पूर्व-आजार. पॉलिसी घेण्याच्या आधी जो आजार होता, ज्यावर उपचार चालू होते, तो. तो सांगावा लागतो. सांगितला तरी त्यासाठी काही वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे तेवढी वर्षं पॉलिसी चालू ठेवल्यावरच त्या आजाराचा खर्च मिळतो. आमचं दुसरंच वर्ष होतं. आणि लपवला असं ठरलं तर काहीच मिळत नाही. माझ्या परीक्षेतल्या टिपेचा हा अर्थ होता.

"हे कोणी सांगितलं होतं?" ताईंनी विचारलं.

आई खाटेच्या पायाशी बसून लिंबू पिळत होती. तिचा हात थांबला. "मीच," ती म्हणाली. "मीच बोलली."

"का हो, मावशी?"

आईने लिंबू खाली ठेवलं. तिने पदर तोंडाशी धरला. बाबा म्हणाले, "आमच्यात असंच बोलतात हो. त्याला काय होतं म्हनून नाय, असंच." रेवतीताईंना ते कळलं असावं, कारण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सर्जनकडून लिहून घेतलं की हा नवा संसर्ग आहे, फुप्फुसात जुन्या दम्याची कुठलीही खूण नाही. ते पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं, आमचा माणूस गावात येऊन चौकशी करेल.

त्या दिवसापासून आई जेवेना. बाबा तिला समजवायचे, "तू काय मुद्दाम केलंस का गो?" ती म्हणायची, "माज्या तोंडानं पोराची वाट लावली मी." बाबांनी शहापूरच्या एका माणसाशी टेम्पो विकायचं बोलणं सुरू केलं होतं. ते मला मामांकडून कळलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "टेम्पो काय, दुसरा येतो. तू गोळ्या उचल."

ज्यांना काही झालं नाही

खाटेवर पडून मी कंपनीवर खूप चिडलो होतो. रेवतीताईंना म्हणालोसुद्धा, "ताई, हप्ता घेताना कोणी वाडीत आलं नव्हतं चौकशीला."

त्या म्हणाल्या, "खरं आहे." त्यांनी कंपनीची बाजू घेतली नाही. मग विचारलं, "तुझ्या बाबांनी दोन हप्ते भरलेत. तेवढ्यात तुझं ऑपरेशन होईल का?"

"नाही."

"मग उरलेले कोणाचे?"

मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला हे यायला हवं होतं. पुस्तकात ते होतंही. मी म्हणालो, "इतर विमाधारकांचे."

"कोणते इतर?"

त्या म्हणाल्या, "ज्यांना यंदा काही झालं नाही त्यांचे," आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

आमच्याकडे लावणीला सावड असते. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. पण सावडीत आपण माणूस ओळखतो. कोणाच्या बांधावर कोण वाकलं हे डोळ्यांसमोर असतं. इथे कुठल्यातरी शहरातली एखादी शिक्षिका, कुठला रिक्षावाला, कुठलं नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांनी हप्ता भरला आणि वर्षभर त्यांना साधी सर्दीच झाली. त्यांचा पैसा माझ्या बाटलीपाशी येऊन थांबला होता. त्यांना माझं नाव माहीत नाही. त्यांनी माझ्यासाठी भरलाही नव्हता, आपल्या पोरांच्या काळजीने भरला होता. तरीही तो माझ्यापर्यंत येऊ शकत होता. माणसांनी हे कसं काय शोधून काढलं असेल, याचं मला इतकं नवल वाटलं की कुशीतलं दुखणं मी थोडा वेळ विसरलो.

आणि मग हेही कळलं की वाडीत माझी चौकशी कोणाला करावी लागत नाही, कारण तिथे सगळे मला ओळखतात. जे ओळखत नाहीत ते विचारणार. त्यांच्या विचारण्याचं मला वाईट वाटायचं बंद झालं. भीती मात्र राहिली, कारण विचारणार कोणाला, तर आमच्या वाडीला. आणि आमची वाडी काय उत्तर देणार, हे मला पक्कं माहीत होतं.

वाडीतली चौकशी

आई चौकशीच्या आदल्या दिवशीच कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून धसई अशी एसटीने घरी गेली. मामा तिच्यासोबत. पुढचं सगळं मला मामांनी सांगितलं, हातवारे करून, दोनदा.

चौकशीचे साहेब मोटरसायकलवरून आले. घामाघूम झाले होते, त्यांना आमच्या ओट्यावर बसवलं. बातमी फिरली होती, त्यामुळे वाडी जमलीच होती. साहेबांनी वही काढून विचारलं, "जयेशला तुम्ही ओळखता? तब्येत कशी असायची त्याची?"

आमच्या शेजारचे बाळूकाका पुढे झाले. मदत करायला ते नेहमीच पुढे असतात. "साहेब, काय सांगू? लय भोगलंय पोरानं. जन्मल्यापास्नं आजारी. आईबापानं लय खस्ता खाल्ल्या. तुमी आता अडवू नका, देऊन टाका."

मागून दोघातिघांनी माना हलवल्या. "हां, बिचारा हाय. नाजूक हाय पयल्यापास्नं."

साहेब लिहायला लागले.

मामा सांगत होते, "मी बोलणार तेवढ्यात तुजी आय उठली."

आई म्हणाली, "थांबा साहेब. ते लिहू नका. बाळूभाऊ, तुमी गप बसा."

"अगो, मी तुज्याच भल्याचं..."

"म्हाईत हाय. गप बसा." मग ती साहेबांकडे वळली. आमच्याकडे बाया अशा चौकशीला आलेल्या माणसाकडे सरळ बघून बोलत नाहीत. ती बोलली. "डॉक्टरला मी बोलली लहानपनापास्नं. ते खरं नाय. माज्या पोराला कदी काय झालं नाय. कदीच नाय. भाताची गोन पाठीवर घेऊन टेकाडावर चढतो, वाटेत टेकवत नाय. वरनं गुरांना हाक मारली तर वढ्यापल्याड ऐकू जाते. धडधाकट हाय माजा पोर. असा पोर या वाडीत दुसरा नाय."

एक म्हातारी न राहवून म्हणाली, "गो, आसं बोलू नको. दृष्ट लागंल."

"लागायची ती लागली," आई म्हणाली. "आता खरं बोलू द्या."

मामा म्हणाले, मग बाळूकाकांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? कबड्डीला हा नसला तर आमची टीम उतरत नाय. एका श्वासात चढाई करतो ना, समोरच्याला घाम फुटतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मघाशी तर जन्मापासून आजारी म्हणालात."

"मगाशी तुमाला दया यावी म्हनून बोललो."

"आणि आता?"

"आता हिनं सांगितलं ना, खरं बोला."

मग जो तो बोलायला लागला. कोणी सांगितलं, पाण्याच्या टाकीचा पाइप याने एकट्याने वर चढवला. कोणी सांगितलं, आमच्या सासूला झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं तेव्हा पुढचा खांदा याचा होता आणि हा वाटभर तिला गोष्टी सांगत होता. मी मामांना विचारलं, "हे कोण बोललं?" मामांनी नावं सांगितली. त्यांतले काही जण माझ्याशी कधी नीट चार शब्दही बोलले नव्हते. माझ्यावर नजर असेल असं मला वाटलंही नव्हतं. नळीच्या बाजूला दुखू नये म्हणून मी तोंड भिंतीकडे करून रडलो. एवढी माणसं इतकी वर्षं माझ्याबद्दल चांगलं जाणून होती आणि केवळ माझ्या काळजीपोटी त्यांनी ते कधी तोंडावर आणलं नव्हतं.

साहेब तिथून धसईच्या डॉक्टरांकडे आणि आरोग्य केंद्रात गेले. काय लिहिलं ते कोणाला सांगितलं नाही. जाताना आईला एवढंच म्हणाले, "मावशी, निर्णय माझ्या हातात नसतो."

निरोप

आई परत आली. दोन दिवस काहीच कळलं नाही. माझा ताप पुन्हा चढला आणि पहिली गोळीही जागची हलेना. सर्जन बाबांना म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. बाबा शहापूरला जाऊन टेम्पोचा इसार घेऊन आले आणि ते पैसे हॉस्पिटलात भरून टाकले. मला ऑपरेशनला नेताना ते चाकाच्या खाटेसोबत चालत होते. आई दाराशी थांबली. तिला आता बोलण्याचीच भीती बसली होती.

शुद्ध आली तेव्हा प्रथम थंडी जाणवली, मग कुशीत आग, मग कसला तरी बीप बीप आवाज. घशाला कोरड होती. मी श्वास घेतला आणि तो खाली, खूप खाली गेला. इतके दिवस जिथे श्वासाला वाट नव्हती तिथे तो गेला. दुखलं, पण मी पुन्हा घेतला, केवळ तो कुठपर्यंत जातो हे बघायला. असं काही आपल्याला रोज फुकट मिळतं, हे मी वीस वर्षं लक्षातच घेतलं नव्हतं.

नर्सने आईला एका मिनिटासाठी आत सोडलं. टोपी, मास्क, हिरवा झगा, तिचे फक्त डोळे दिसत होते. ती माझ्या कानाशी वाकली.

"त्यांचा निरोप आला," ती म्हणाली. "तुला आत नेला न् मागनं आला. रेवतीबाय धावत वर आली सांगायला. हो बोलले ते. भरलेले पैसे माघारी मिळाले, ते घेऊन बाबा शहापूरला गेलेत त्या मानसाला परत द्यायला."

मी डोळ्यांनी विचारलं.

"काय लिवलंय सांगू?" आईने इकडे तिकडे पाहिलं. आजूबाजूच्या खाटांवर नळ्या लावलेली माणसं झोपली होती. "रेवतीबायनं दोनदा वाचून दाखिवलं. पोराला आधीचा कायबी आजार नव्हता."

तिने मास्क जरा खाली ओढला आणि तेच पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने.